विचारणारी बंदूक

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला त्याचा अभिमान आहे. वडील पंचवटीच्या भाजीबाजारात पोती उचलायचे. कंबर गेली तेव्हा पोती सुटली, आणि मग घर आईवर आलं. आई दिंडोरीच्या बाजूला द्राक्षाच्या बागांत जायची. पहाटे पिकअप यायची आणि वस्तीतल्या बायांना उभ्यानेच कोंबून न्यायची. घडांच्या विरळणीच्या, म्हणजे जादा मणी कापून काढायच्या, दिवसांत आई परत आली की तिच्या अंगठ्याला कात्रीने घट्टा पडलेला असायचा आणि मान सरळ व्हायची नाही. दिवसभर वर बघून काम. एका खोलीत आम्ही पाच माणसं. वडिलांना जेवताना पाय लांब करता यावेत म्हणून आम्ही भावंडं ताटं घेऊन दारात बसायचो. येणारेजाणारे आमच्या ताटात काय आहे ते बघून जायचे.

कॉलेजात मी छात्रसेनेत गेले ती देशसेवेसाठी नाही. तिथे बूट मिळतात असं कळलं म्हणून गेले. बूट मिळाले, एक नंबर मोठे मिळाले, आणि बुटांबरोबर पगारे सर मिळाले.

सुदाम पगारे सर आमच्या जिमखान्याचे सर होते. सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. ठेंगणे, घट्ट बांध्याचे, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आणि शिट्टी खिशात. बाकीच्या जिमखान्यांतल्या सरांच्या गळ्यात शिट्टी असते. आमचे सर म्हणायचे, "गळ्यात शिट्टी असली की माणूस फुंकत सुटतो. खिशातून काढावी लागली पाहिजे. काढेपर्यंत अर्धा राग जातो."

शहराच्या कडेला, डोंगराच्या पोटाशी एका रायफल क्लबची रेंज होती. म्हणजे पत्र्याची लांब शेड, पुढे मोकळी जमीन, पन्नास मीटरवर निशाण्यांचे कागद, आणि त्यामागे मातीचा उंच बांध. ती रेंज सरांच्या ताब्यात होती. नोकरीत असतानाही होती आणि निवृत्त झाल्यावर तर तेच त्यांचं घर झालं. सरांनी किती पदकं मिळवली, किती पोरं राज्याला पाठवली, हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्यांना एकाच गोष्टीची ऐट होती. आणि ती ते कोणालाही सांगायचे, अगदी पाण्याचा टँकर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरलासुद्धा: "माझ्या रेंजवर आजवर एका माणसाला खरचटलं नाय. एकाला बी नाय." एरवी सर शुद्ध बोलायचे. जीव ज्यात अडकलेला असायचा, तिथे त्यांची गावाकडची बोली बाहेर यायची.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात पॉइंट टू-टूची रायफल दिली. बोल्टवाली. तिच्या उजव्या अंगाला लोखंडी दांडी असते. ती वर उचलायची, मागे ओढायची, गोळी घालायची, दांडी पुढे सारायची, खाली दाबायची. मग चाप. एक गोळी सुटली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी विचारलं, "सर, गोळी कुठाय?"

"गोळी? गोळी दिवाळीनंतर."

पूर्ण सत्र आम्ही रिकाम्या बंदुकीची दांडी ओढत बसलो. उघड, बघ, बोट घाल, बंद कर. बोट घाल म्हणजे करंगळीचं टोक नळीच्या मागच्या भोकात घालून तिथे गोळी नाही याची खात्री करायची. डोळ्यांवर सरांचा भरवसा नव्हता. बाकीच्या पोरी कंटाळल्या, मीही कंटाळले. एकदा मी दांडी सटासट ओढायला लागले तेव्हा सर शेजारी येऊन बसले.

"आई काय करते तुझी?"

"द्राक्षाच्या बागेत जाते, सर. विरळणीला."

"मग मणी कसे काढते? घड हातात घेऊन बघून काढते का सटासट?"

"बघून."

"सटासट काढले तर?"

"मुकादम हाकलून देईल."

"मी मुकादम आहे," सर म्हणाले आणि उठून गेले.

हे मी घरी सांगितलं. आईला बंदुकीचं कळल्यापासून झोप नव्हती. तिच्या मते बंदूक पोलिसांच्या खांद्यावर असते आणि पोलीस आपल्या वस्तीत येतात ते चांगल्या कामाला येत नाहीत. एका रविवारी ती कामावर खाडा करून रेंजवर आली. पदर डोक्यावर घेऊन शेडच्या टोकाला उभी. सर तिच्यापुढे गेले, "जय भीम, बाई," म्हणाले आणि उघडी रायफल तिच्या दोन्ही हातांत ठेवली. आईने ती लेकरासारखी धरली. आत वाकून बघितलं. मग कोणी सांगितलं नव्हतं तरी करंगळी आत घातली.

"रिकामी हाय," आई म्हणाली.

सर आमच्याकडे वळले. "बघा. तुमचं अख्खं सत्र गेलं यात. ही बाई पहिल्या दिवशी पास!"

आई त्यानंतर कधी रेंजवर आली नाही, पण मला कधी अडवलंही नाही. "तो मास्तर रिकामी दाखवून मगच देतो," एवढंच तिने वडिलांना सांगितलं.

खरंच, सर सगळंच तसं द्यायचे. बंदूक दुसऱ्याच्या हातात देताना उघडी द्यायची हा रेंजचा नियम. पण सरांच्या अंगात तो इतका मुरला होता की ते डबाही झाकण काढून द्यायचे, पेनही टोपण काढून, आणि काडेपेटी अर्धी उघडून. त्यांच्या मुलीच्या लग्नात आहेराच्या साड्या सगळ्या घड्या मोडून दिल्या, त्यावरून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आठवडाभर बोलल्या नाहीत. फोन केला की सर "हॅलो" म्हणायचे नाहीत. "जय भीम, खाली आहे का?" असं विचारायचे. रेंजवर खाली म्हणजे रिकामी; फोनवर, बोलायला मोकळी आहेस का. नव्या माणसाला वाटायचं, इमारतीखाली उभे आहेत. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा त्यांचा फोन घेतला आणि सरळ जिना उतरून खाली गेला.

मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, नांदगावला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. पण महिन्यातले दोन-तीन रविवार सकाळची गाडी पकडून मी रेंजवर यायचेच. त्याच काळात क्लबमध्ये नव्या रायफलीचा वाद झाला.

क्लबच्या फंडातून एक रायफल येणार होती. किशोरभाऊ बोरस्ते आमचे सेक्रेटरी. दिंडोरीकडचे मोठे बागायतदार, आवाजही मोठा, मनही मोठं. शेडचे पत्रे त्यांनीच घातले होते. त्यांचं म्हणणं, सेमी-ऑटोमॅटिक घ्या. मॅगझिनमध्ये गोळ्या भरल्या, पहिली चढवली, की मग नुसता चाप ओढत राहायचं. प्रत्येक वेळी पुढची गोळी आपोआप वर येते. दांडी नाही, काही नाही.

"सर, तुमच्या बोल्टला काय हाये," भाऊ म्हणाले, "माणूस छान नेम धरून बसतो, गाल दस्त्याला टेकवतो, श्वास सोडतो, एक गोळी मारतो. आणि मग? सगळं मोडून दांडी ओढत बसा. नेम गेला, श्वास गेला. सेमीत हलायचंच नाही."

"पण हललं पाहिजे," सर म्हणाले.

"का?"

"बोल्टची बंदूक प्रत्येक गोळीनंतर विचारते. अजून पाहिजे का? तुम्ही हाताने हो म्हणता, मग ती भरते. सेमी विचारत नाही. ती तुमच्या आधी हो म्हणून बसलेली असते."

"ओ सर, बंदूक आहे ती, सासूबाई नाही."

सगळे हसले. सरही हसले. मग म्हणाले, "भाऊ, कॉलेज रोडच्या मॉलमध्ये सरकता जिना आहे ना? पाय टाकला की वर. माणूस चढतो, पण गुडघ्याला पत्ता नाही. बोल्ट म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांच्या पायऱ्या. वर गेल्यावर दम लागतो, पण आपण आलो हे कळतं. आणि स्पर्धेत गोळी एकेकच घालावी लागते, ते विसरू नका."

"स्पर्धेला जातात चार पोरं. रविवारी येतात चाळीस माणसं. चाळिसांना जिना पाहिजे."

हात वर झाले. सेमी जिंकली. सरांनी मान डोलावली, सही केली, आणि सेमी आली त्या दिवशी नियम सांगितला: तिच्या मॅगझिनमध्ये एका वेळी एकच गोळी घालायची.

"मग सेमी घेतली कशाला?" भाऊ कपाळाला हात लावून म्हणाले.

"दिसायला छान हाय," सर म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्यात दोन नावं पडली. बोल्टवाल्या त्या विचारणाऱ्या, आणि ही न विचारणारी. नवीन पोरंही विचारायची, "सर, आज विचारणारी देणार की न विचारणारी?" आणि न विचारणारी बिचारी एकेक गोळी खात शेडमध्ये पडून राहायची.

आता पुढचं लिहायला हात जड होतो, पण लिहायला तर पाहिजे.

आधी चहाची बशी वाजायला लागली. सर उजवा हात खिशात ठेवायला लागले. आम्हाला वाटलं थंडी. मग एकदा रेंजवरच ते खुर्चीत बसले होते आणि त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरत होता, आपोआप, जसं कोणी तंबाखू मळतंय. सर सुपारीसुद्धा खात नव्हते. डॉक्टरांनी कंपवात सांगितला.

नेमबाजाला कंपवात. गावात कोणी ऐकलं की "अरेरे, म्हणजे हात थरथरणार, नेम कसा लागणार" असं म्हणायचं. पण गंमत अशी की नेम लागत होता. सरांचा हात थरथरायचा तो मांडीवर रिकामा असताना. रायफल धरली, बोट चापावर आलं, की शांत. सर म्हणायचे, "काम दिलं की गप्प बसतो. काम नसलं की चाळे. आपल्या पोरांसारखाच आहे."

शालिनीकाकू घरी ब्लाउज शिवायच्या. अख्ख्या कॉलनीच्या मापांची माहिती त्यांच्या डोक्यात. त्या डब्याबरोबर औषधं बांधून द्यायच्या आणि मला फोन करून सांगायच्या, "बाई, त्यांना सांग, आधी ही गोळी, मग ती गोळी. उलट केलं तर मी तिथे येईन."

पण दुखणं थरथरण्यावर थांबणारं नव्हतं. सरांचा हात मधेच थिजायला लागला. ते दांडी वर उचलायचे, मागे ओढायला लागायचे, आणि हात अर्ध्यात थांबायचा. दुखत नव्हता, नुसता थांबायचा. सर हाताकडे बघत राहायचे, दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसे. आम्ही आजूबाजूला उभे. मदत करावी तर त्यांना राग येणार, न करावी तर आम्हाला राहवत नाही. कोणीतरी उगाच बांधाकडे बघायचं, कोणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचं. थोड्या वेळाने हात सुटायचा आणि सर पुढची गोळी घालायचे. एका गोळीला जेवढा वेळ जायचा, तेवढ्यात बाकीच्यांच्या दहा व्हायच्या. थिजला तरी तो उघड्या बंदुकीवर थिजायचा, एवढं एक बरं होतं. पण हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

भाऊ बोरस्त्यांना ते बघवेना. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं ऐकतात सर. सांगा ना, सेमी वापरा म्हणून. बोट चालतंय ना त्यांचं? बोटच लागतं तिला."

मी सांगितलं. त्या दुखण्यात चेहराही कमी हलतो, त्यामुळे सर चिडलेत की विचार करताहेत ते कळेना. मग म्हणाले, "आयुष्यभर जिन्याला नावं ठेवली. आता गुडघे गेल्यावर चढतो त्याच्यावर. आण."

पुढच्या रविवारी टेबलावर वाळूची पिशवी ठेवली, पिशवीवर न विचारणारी. सर खुर्चीत बसले. गोळी नेहमीप्रमाणे एकच असणार असं त्यांनी धरलं होतं. पण एकेक गोळी म्हणजे दर गोळीला मॅगझिन काढा, भरा, लावा, खटका ओढा. पुन्हा तोच हात, तेच थिजणं. म्हणून भाऊंनी सर चष्मा पुसत असताना मॅगझिनमध्ये पाच गोळ्या भरल्या. मायेने भरल्या. "तुम्ही आरामात मारा, सर," एवढंच म्हणाले, आणि सरांनी आयुष्यात पहिल्यांदा न बघता बंदूक घेतली. दुर्बिणीतून कागद मी बघत होते.

पहिली गोळी मधल्या काळ्या गोलात बसली. मी "नऊ!" म्हणेपर्यंत दुसरी सुटली. आणि तिसरी. सरांचं बोट चापावर थिजलं होतं आणि थिजल्या जागी थरथरायला लागलं होतं. दर थरथरीला बंदूक हो म्हणत होती. तिसरी कागदाच्या वरून गेली आणि बांधाची माती उडाली. चौथ्या वेळी भाऊंनी नळी हाताने वाळूत दाबली होती. चौथी आणि पाचवी वाळूतच गेली.

पुढे कोणी नव्हतं. कोणाला काही झालं नाही.

आमच्या रेंजवर कोणाकडून चूक झाली, बंदूक बाजूला फिरली किंवा हुकमाआधी गोळी सुटली, तर सर शिट्टी वाजवायचे आणि त्या माणसाला शेडबाहेरच्या लिंबाखाली उभं करायचे. दिवसभरासाठी. मोठा असो, लहान असो. एकदा एका फौजदाराला उभं केलं होतं. सरांनी डाव्या हाताने खिसा चाचपला, शिट्टी काढली, वाजवली. "खाली कर!" असा हुकूम दिला. सगळ्यांनी बंदुका उघडल्या. मग सर उठले, शिट्टी टेबलावर ठेवली, आणि पाय घासत लिंबाखाली जाऊन उभे राहिले.

भाऊ धावले. "सर, चूक माझी आहे. गोळ्या मी भरल्या. मी उभा राहतो."

"न बघता कोणी घेतली?"

"सर, पाया पडतो, आत चला."

"घेणाऱ्याने बघायचं असतं, भाऊ. तुम्ही उभे राहा पाहिजे तर. झाड मोठं हाय."

दोघे उभे राहिले. ऊन सरकत गेलं. सर लिंबाखाली, मी आत. लिंबाखालच्याला परत बोलवायचा अधिकार एकट्या सरांचा, आणि ते स्वतःच तिथे उभे होते. शिट्टी टेबलावर, पण ती उचलायची कोणाची हिंमत होणार? बाकीचे एकेक करून बंदुका पिशवीत घालून निघून गेले. मी पाण्याची बाटली नेऊन दिली. झाकण काढून दिली. त्यांनी ती धरली आणि पाणी शर्टावर सांडलं.

त्यानंतर कित्येक महिने सर रेंजवर आले नाहीत. मी घरी जायचे. काकू मशीनवरून उठून चहा टाकायच्या आणि सरांदेखतच तक्रार सांगायच्या. "बाई, अर्धा अर्धा तास दारात उभे असतात. दाराची कडी वर करतात, मागे ओढतात, अडकून बसतात. मी म्हटलं, आत या नाहीतर बाहेर जा. दूधवाला येऊन परत गेला काल."

"सराव करतोय," सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"कडीचा सराव! अहो, त्या तुमच्या दांडीत असं आहे तरी काय? मला दाखवा. बॉबिन बसवते, सुई ओवते, हूक लावते. तुम्ही नेम धरा, दांडी मी ओढते."

सर काकूंकडे बघत राहिले. मीही. इतक्या वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं, डॉक्टरला नाही, क्लबला नाही, एम.ए. झालेल्या मला तर नाहीच.

"तुला नाय जमायचं," सर म्हणाले.

"तुमच्यासारख्या माणसाबरोबर राहायला जमलं. हे काय अवघड आहे?"

क्लबने परवानगी दिली. भाऊंनीच मीटिंगमध्ये हात जोडून मागितली. सेमी कुलपात गेली, सरांची जुनी बोल्टची रायफल बाहेर आली. आणि मग सरांनी काय करावं? स्वतःच्या बायकोला रिकाम्या बंदुकीवर बसवलं. उघड, बघ, बोट घाल, बंद कर. एक रविवार, दुसरा रविवार. काकू वैतागल्या. "अहो, मी ब्लाउज टाकून येते इथे. लग्नसराई आहे. गोळी कधी?"

"दिवाळीनंतर."

"दिवाळी होऊन गेली!"

"पुढची."

पण शेवटी गोळी दिलीच. सर खुर्चीत, दस्ता खांद्याला, नळी वाळूच्या पिशवीवर, बोट चापाच्या बाहेर. काकू उजव्या बाजूला स्टुलावर. दांडी उघडायच्या, रिकामं काडतूस पडायचं, आणि त्या विचारायच्या, "घालू?" सर म्हणायचे, "घाल." त्या गोळी घालायच्या, दांडी लावायच्या, हात मांडीवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झालं." मग सर. कधी सर म्हणायचे, "थांब." मग त्या थांबायच्या, बोटांत गोळी धरून, नवीन ब्लाउजचं बटण धरावं तशी. शेडमधल्या पोरांना आधी हसू यायचं. नंतर पोरं आपापली गोळी घालताना ओठांतल्या ओठांत "घालू?" म्हणायला लागली.

मी सुखाची गोष्ट सांगते आहे असं वाटेल. तसं नाही. दर रविवारी सर थोडे कमी यायचे. म्हणजे यायचे तेच, पण त्यातला माणूस कमी असायचा. आधी काठी आली, मग रिक्षातून उतरवायला दोन माणसं लागायला लागली. आवाज इतका बारीक झाला की "घाल" ऐकायला काकूंना कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागायचा. औषध कधी लागू पडायचं, कधी नाही. माझ्या हातात काय होतं? दुर्बीण होती. त्यातून मी कागद बघायचे आणि आकडा सांगायचे. कमी पडला की मोठ्याने सांगवत नसे, आणि खोटा सांगितला असता तर त्यांना कळलं असतं.

क्लबची वार्षिक स्पर्धा आली. सरांनी नाव दिलं. ही शेवटची हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ती पूर्ण करायची एवढंच त्यांनी मागितलं होतं. काकूंनी नवी साडी नेसली होती. "लोक बघणार," म्हणाल्या.

सुरुवात चांगली झाली. घालू, घाल, झालं. आठ, नऊ, आठ. एक दहासुद्धा. भाऊ शेडच्या मागे रुमालाने तोंड दाबून उभे होते. निम्म्याहून जास्त गोळ्या झाल्या होत्या. मग काकू "झालं" म्हणाल्या आणि गोळी सुटली नाही.

सरांचं बोट चापावर होतं. गाल दस्त्यावर. डोळा उघडा. काही हललं नाही. शेजारच्यांच्या गोळ्या वाजत होत्या, एकेक करून संपत होत्या. काकू बघत राहिल्या. त्यांनी विचारलं नाही, कारण भरलेल्या बंदुकीशी बोलायचं नाही हे त्यांना सरांनीच शिकवलं होतं. वेळ अजून होता. पुरेसा होता. नुसतं बोट पाव इंच मागे आलं असतं तर चाललं असतं.

तेवढ्यात मला दिसलं, बोट थरथरायला लागलं. अगदी बारीक. सरांनाही दिसलं असणार, किंवा जाणवलं असणार. त्यांनी ते बोट चापावरून बाहेर काढलं. कसं काढलं माहीत नाही, ते बोट तेव्हा त्यांचं ऐकत नव्हतं. सगळा खांदा मागे घेतला, त्याच्याबरोबर हात आला, हाताबरोबर बोट आलं. आणि ते म्हणाले, "शालू, काढ."

इतक्या वर्षांत त्यांना "शालू" म्हणताना मी ऐकलं नव्हतं.

काकूंनी दांडी उघडली. न मारलेली गोळी त्यांच्या तळहातावर पडली, पिवळी, अख्खी. "अहो, वेळ आहे अजून," त्या हळूच म्हणाल्या. "पुन्हा घालू?"

सरांनी डोळे मिटले. "नको. बोट माझं नाय राहिलं आता. लोक हायेत इथं."

वेळ संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले, उघड्या बंदुकीशेजारी. काकूंनी ती गोळी डब्यात परत ठेवली आणि पदराने सरांच्या हनुवटीवरची लाळ पुसली. मग भाऊंनी आणि मी मिळून त्यांना रिक्षात बसवलं. रिक्षा वळताना सर कडेला कलले होते आणि काकूंनी त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबून धरला होता. तरी तो आत हलत होता, हे त्यांच्या बांगड्यांवरून दिसत होतं.

पुढच्या थंडीत सर न्यूमोनियाने गेले. त्या स्पर्धेनंतर त्यांनी बंदूक धरली नाही.

स्पर्धा त्यांची अर्धवट राहिली. रेंजवर मात्र, त्यांनी पहिली शिट्टी वाजवली तेव्हापासून शेवटच्या दिवसापर्यंत, कोणालाही इजा झाली नाही.